नियतकालिकातील लेखाचे आयुष्य

मराठी गद्याच्या इतिहासाची मांडणी करताना आपण ग्रंथांची नावे घेतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील ज्या गद्यावर आपल्या वैचारिक वाङ्मयाचा पाया घातला गेला, त्याचा फार मोठा भाग ग्रंथ म्हणून लिहिला गेलेलाच नव्हता, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. लोकहितवादींची 'शतपत्रे' म्हणजे १८४८ ते १८५० ह्या काळात 'प्रभाकर' साप्ताहिकात प्रसिद्ध झालेली पत्रे होत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ च्या जानेवारीत सुरू झाली आणि चौऱ्यांशी अंकांनंतर थांबली. आगरकरांचे बहुतेक सर्व महत्त्वाचे निबंध प्रथम 'केसरी'त आणि १८८८ च्या ऑक्टोबरपासून 'सुधारका'त, आठवड्याच्या तगाद्याखाली लिहिले गेले. म्हणजे ज्यांना आपण आज अभिजात म्हणून अभ्यासक्रमात नेमतो, ते लेख मुळात एका विशिष्ट तारखेसाठी, त्या तारखेच्या वाचकासाठी आणि पुष्कळदा त्या तारखेच्या भांडणासाठी लिहिलेले होते. त्यांच्याच शेजारच्या स्तंभात छापलेले शेकडो लेख आज कोणी उघडूनही पाहत नाही. तेव्हा काही लेख प्रसंग सरल्यावरही वाचकाच्या उपयोगी पडत राहतात आणि काही त्या प्रसंगाबरोबरच संपतात, ह्याचे कारण काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार मुख्यतः भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

आरंभी एका शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. त्या काळी दैनिक वा साप्ताहिक पत्रास 'वर्तमानपत्र' म्हणत आणि मासिकास 'मासिक पुस्तक' म्हणत. 'वर्तमान' ह्याचा रूढ अर्थ तेव्हा बातमी, हकीकत असा होता. चालू काळ हा त्याचा दुसरा अर्थ आपल्याला आज अधिक परिचयाचा आहे. 'मासिक पुस्तक' ह्या शब्दसंयोगात मात्र एक निराळीच अपेक्षा दडलेली दिसते. जे महिन्याला येते तेही पुस्तकच. ते ठेवावयाचे, बांधून घ्यावयाचे, पुन्हा उघडावयाचे. हा शब्द पुढे मागे पडून नुसते 'मासिक' उरले. नाव बदलल्याने लेखन बदलले असे मी म्हणत नाही. परंतु लिहिणाऱ्याच्या मनात आपला वाचक किती काळचा आहे, ह्याची एक खूण ह्या जुन्या नावात सापडते खरी.

आपल्या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की, ज्या लेखाचा विषय चिरंतन तो लेख टिकतो आणि ज्याचा विषय तात्कालिक तो लोपतो. हे उत्तर सोपे आहे म्हणूनच त्याविषयी शंका घ्यावी. त्याच्या बाजूने एक भक्कम दाखला इंग्रजी वाङ्मयात आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्याने १७५० ते १७५२ ह्या दोन वर्षांत 'दि रँबलर' नावाचे पत्र आठवड्यातून दोनदा काढले. त्याचे २०८ अंक निघाले आणि काही थोडे वगळता सारे त्याने एकहाती लिहिले. दिवसाच्या घडामोडींना त्याने त्यात बुद्ध्या स्थान दिले नाही. अंक सुटे विकले जात तेव्हा त्यांचा खप बेताचाच होता. परंतु पुढे जॉन्सनने भाषा पुनःपुन्हा तपासून त्यांचे ग्रंथ केले, आणि त्या ग्रंथांच्या त्याच्या हयातीतच अनेक आवृत्त्या झाल्या. विष्णुशास्त्र्यांना हा लेखक फार प्रिय होता. जॉन्सनच्या 'रासेलस'चे वडिलांनी, कृष्णशास्त्र्यांनी, आरंभिलेले भाषांतर त्यांनी पुरे केले आणि 'निबंधमाले'त त्याच्यावर विस्तृत निबंध लिहिला. एकट्याने चालविलेल्या मालेची कल्पना त्यांच्या मनात रुजण्यास ह्या उदाहरणाचा हातभार लागला असावा, असे मानण्यास हरकत नाही.

परंतु विषय चिरंतन असला म्हणजे लेख टिकतोच, असे आपल्याकडील अनुभवावरून म्हणवत नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' थांबले त्याच १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, सृष्टिज्ञान असे त्याचे विषय होते. सूर्य, पृथ्वी व ग्रह ह्यांहून अधिक चिरंतन विषय कोणता सांगावा? परंतु १८४० साली लिहिलेल्या कोणत्याही ग्रहवर्णनात नेपच्यून असणे शक्य नव्हते. तो १८४६ साली आढळला. सृष्टी तीच राहिली, तिच्याविषयीचे ज्ञान पुढे गेले आणि लेख मागे पडला. पुढे १८५० पासून निघालेल्या 'ज्ञानप्रसारका'तील शास्त्रीय लेखांची गत ह्याहून वेगळी झाली नाही. आज हे लेख आपण वाचतो ते पदार्थविज्ञान शिकण्यासाठी नव्हे. मराठीत एकही पारिभाषिक शब्द तयार नसताना लेखकाने नवी कल्पना कोणत्या शब्दांत बसविली, कोणता शब्द टिकला, कोणता गळला, हे पाहण्यासाठी वाचतो. म्हणजे लेखाचा उपयोग संपला नाही, बदलला. आणि तो बदलेल ह्याची लेखकाला कल्पनाही नव्हती. भाषेच्या अभ्यासकास ही मोठीच ठेव आहे. परंतु अशा टिकण्याचे श्रेय लेखकाच्या लेखनपद्धतीस देता येत नाही.

उलट बाजूस, विषय तात्कालिक असल्यामुळे संपूर्ण विस्मृतीत गेलेल्या लेखनाचे उदाहरण 'केसरी'च्याच पहिल्या दीड वर्षात मिळते. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज ह्यांचा छळ होत आहे, असे लेख 'केसरी' व 'मराठा' ह्या पत्रांत आले. त्यांत दिवाण माधवराव बर्वे ह्यांच्यावर आरोप होते. ज्या पत्रांच्या आधाराने हे आरोप केले होते ती खोटी ठरली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली टिळक व आगरकर ह्यांना तुरुंगवास घडला. ह्या लेखांसाठी दोन संपादकांनी एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. तेव्हा त्यांत जे पणाला लागले होते ते काही लहान नव्हते. तरी ते लेख आज वाचावयास घेतले तर ओळीओळीला अडखळावयास होते. कोणी कोणाला काय लिहिले, कोणता अधिकारी कोठे होता, 'ते प्रकरण' म्हणजे कोणते, हे सर्व तेव्हाच्या वाचकास तोंडपाठ होते आणि म्हणून लेखकांनी ते सांगितलेले नाही. ह्याच प्रसंगातून निघालेले आगरकरांचे तुरुंगातील दिवसांवरचे छोटे पुस्तक मात्र अद्याप सहज वाचता येते. कारण तुरुंगाच्या आत काय असते हे वाचकास ठाऊक नाही, हे गृहीत धरूनच ते लिहिलेले आहे.

येथे भेद विषयाचा नाही. दोन्हींचा विषय एकच प्रकरण आहे. भेद आहे तो लेखकाने वाचकास काय ठाऊक आहे असे मानले ह्याचा. आणि तो भेद भाषेत दिसतो. कार्ल ब्यूलर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या भाषाविषयक ग्रंथात शब्दांचे दोन प्रांत कल्पिले आहेत. काही शब्द वस्तूचे नाव सांगतात. काही शब्द केवळ बोट दाखवितात. 'घर', 'विद्या', 'दुष्काळ' हे पहिल्या प्रकारचे. 'हा', 'तो', 'येथे', 'आज', 'काल', 'आम्ही' हे दुसऱ्या प्रकारचे. दुसऱ्या प्रकारच्या शब्दांचा अर्थ बोलणारा कोण, तो कोठे उभा आहे आणि कोणत्या क्षणी बोलत आहे, ह्यांवर सर्वस्वी अवलंबून असतो. समोरासमोरच्या बोलण्यात ह्यामुळे काही बिघडत नाही. लेखनात मात्र बोट दाखविणारा हात कालांतराने नाहीसा होतो आणि बोट तेवढे उरते. आपल्या व्याकरणकारांनी दर्शक सर्वनामे वेगळी काढली. परंतु दर्शकत्व हे सर्वनामांपुरते नसते. 'गेल्या आठवड्याचा गोंधळ', 'आपले प्रसिद्ध रावबहादूर', 'हा नवा कायदा', 'सर्वश्रुत आहेच' अशा सगळ्या शब्दसमूहांत ते पसरलेले असते. ह्यांतील 'सर्वश्रुत आहेच' हा प्रयोग मला सर्वांत घातक वाटतो. जे सर्वश्रुत असते ते कोणी लिहून ठेवीत नाही, आणि पन्नास वर्षांनी ते एकालाही ठाऊक नसते.

ह्या कसोटीने पाहू गेल्यास 'शतपत्रां'चे टिकणे मोठे उद्बोधक ठरते. गोपाळ हरी देशमुख ही पत्रे लिहू लागले तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. पत्रे एकंदर १०८ आहेत. ती सरकारी नोकरी सांभाळून लिहिलेली, घाईची आणि पुनरुक्तीने भरलेली आहेत. वाक्ये आखूड असतात. बोलण्याच्या ओघात एक विधान सोडून दुसरे पकडावे तशी ती एकमेकांमागून येतात. 'हल्ली', 'सांप्रत', 'आपले लोक' ह्यांची रेलचेल आहे. म्हणजे दर्शक शब्दांची संख्या कमी असणे हे काही त्यांच्या टिकण्याचे कारण नव्हे. कारण असे दिसते की, बोट दाखविल्यानंतर लोकहितवादी जवळजवळ नेहमी त्या वस्तूचे नावही सांगतात. विषय बहुधा पुण्याकडचे, छापखाना मुंबईचा. भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' मुंबईत निघत असे आणि मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावण्यासही, म्हणजे १८५३ सालास, अजून अवकाश होता. पुण्यातील भटभिक्षुक, पेशवाईतून उरलेले सरदार, शास्त्र्यांच्या पाठशाळा ह्यांविषयी मुंबईतील वा कोकणातील वाचकास सांगावयाचे तर ते उलगडूनच सांगावे लागे. आपल्याच काळातील दूरच्या वाचकासाठी केलेला हा उलगडा पुढच्या काळातील वाचकासही तसाच कामी आला. स्थळाचे अंतर आणि काळाचे अंतर ह्यांवर लेखकाजवळ उपाय एकच असतो, असे ह्यावरून म्हणता येईल.

दक्षिणेचा प्रश्न घ्या. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. राज्य गेल्यावर इंग्रज सरकारने तो खर्च कमी प्रमाणात पण चालू ठेवला होता. ह्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या निर्मितीसाठी द्यावा असा अर्ज १८४९ साली सुधारणेच्या बाजूच्या मंडळींनी केला, त्यात लोकहितवादींचा पुढाकार होता. पुढे १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. हा वाद आज संपूर्णपणे मिटलेला आहे. अशी दक्षिणा नाही, ती घेणारे नाहीत, तिच्यावर हक्क सांगणारे नाहीत. तरीही ह्या विषयाभोवतीची लोकहितवादींची पत्रे निर्जीव झालेली नाहीत. कारण दक्षिणा कोणास द्यावी ह्या प्रश्नाआड ते विद्या कशास म्हणावे असा प्रश्न उभा करतात. अर्थ न जाणता पाठ म्हणणारा विद्वान कसा, हे ते पुनःपुन्हा विचारतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आपल्यापैकी कोणासही तो प्रश्न अपरिचित वाटू नये.

ह्या पत्रांतील सर्वच भाग असा जिवंत आहे असे नाही. इंग्रजांचे राज्य हे आपल्या शिक्षणासाठी ईश्वराने योजिलेले आहे, हा त्यांचा विश्वास आज केवळ त्या काळच्या मनाचा दाखला म्हणून वाचावा लागतो. पण येथेही लक्षात घेण्यासारखे आहे की, त्या विश्वासाचे कारण ते सांगतात आणि लोक शहाणे झाले म्हणजे हे राज्य राहणार नाही असा त्याचा पुढचा टप्पाही सांगतात. मत जुने झाले. मताकडे नेणारी वाट उघडी राहिली. वाचकास ती वाट पायाखाली घालून लेखक कोठे चुकला हे दाखविता येते. केवळ निर्णय सांगणाऱ्या लेखाशी असा वादही घालता येत नाही.

'निबंधमाले'विषयी लिहिताना मला थोडे आत्मनिवेदन करावेसे वाटते. विद्यार्थिदशेत मी, बहुतेकांप्रमाणे, विष्णुशास्त्र्यांच्या भाषेने भारून गेलो होतो. लांब पल्ल्याचे, तोल न जाणारे, संस्कृत आणि बोलीतील शब्द एकाच पंगतीस बसविणारे ते वाक्य मराठीत त्यापूर्वी नव्हते. त्याच्याशेजारी लोकहितवादींचे गद्य ओबडधोबड वाटे. आणि स्वतः विष्णुशास्त्र्यांनी 'माले'त लोकहितवादींवर टीकेचे जे आसूड ओढले, ते वाचून ह्या समजुतीला बळकटीच येई. भाषा उत्तम तेच लेखन टिकते, असे माझे तेव्हा मत होते. पुढे हेच उतारे वर्गात शिकविण्याचा प्रसंग आला तेव्हा ते मत डळमळले. 'निबंधमाले'तील काही निबंध विद्यार्थी एकदम पकडत. काहींपुढे ते नुसते बसून राहत. भाषा दोन्हीकडे तीच होती.

विष्णुशास्त्र्यांचा वाचक इंग्रजी शिकलेला तरुण होता आणि तो पुष्कळसा त्यांच्या शेजारचाच होता. त्याने काय वाचले आहे, कोणत्या व्याख्यानास तो काल जाऊन आला, कोणत्या पुस्तकावर त्याचे मित्र हसत आहेत, हे त्यांना ठाऊक असे. उपरोध हे त्यांचे मुख्य हत्यार आणि उपरोधाची गोम अशी की, त्यात म्हटलेले आणि अभिप्रेत असलेले ह्यांतील अंतर वाचकाने स्वतः मोजावयाचे असते. ते मोजण्यासाठी प्रतिपक्षाचे मूळ म्हणणे त्याच्यापाशी असावे लागते. ते नसेल तर उपरोधाचा केवळ सूर ऐकू येतो. जेथे विष्णुशास्त्री प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडून मग खोडतात, तेथे निबंध ताजा राहिला आहे. 'इतिहास' ह्या निबंधात इंग्रज इतिहासकारांनी आपल्याविषयी काय लिहिले आणि ते का मानू नये, हे त्यांनी सांगितले. पण त्याहून महत्त्वाचे असे की, आपला इतिहास आपण लिहावयाचा तर साधने हवीत, ही जाणीव त्यातून पुढे आली. १८७८ साली निघालेल्या 'काव्येतिहाससंग्रह' ह्या मासिकाशी त्यांचा संबंध होता. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक ह्यांनी त्यात बखरी, पत्रे व जुनी काव्ये छापली. त्या मासिकातील अग्रलेखवजा मजकूर कोणास आठवत नाही, परंतु बखरींसाठी ते अजून कपाटातून निघते. नियतकालिकाच्या दीर्घायुष्याचा हा सर्वांत निर्वेध प्रकार म्हणावा लागेल; त्यात संपादकाने स्वतः थोडे बोलून कागदाला अधिक बोलू दिले आहे.

ह्याच्या अगदी विरुद्ध टोकास जोतीराव फुले ह्यांच्यासंबंधीचे 'निबंधमाले'तील लेखन आहे. जोतीरावांच्या लेखनाची जी टर तेथे उडविली आहे, तीत व्याकरणाच्या व शुद्धलेखनाच्या चुका हा मोठा आधार घेतलेला आहे. त्या वेळच्या पुणेकर वाचकास ती खुसखुशीत वाटली असेल. मूळ ग्रंथ त्याने वाचलेला असण्याचा संभव थोडा आणि न वाचताच हसण्याची सोय मात्र झालेली. विष्णुशास्त्र्यांच्या दुर्दैवाने येथे काळाने उलटी चाल केली. ज्या पुस्तकांची टर उडविली ती नाहीशी झाली नाहीत. 'गुलामगिरी' व 'शेतकऱ्याचा असूड' आज महाराष्ट्र शासनाच्या समग्र वाङ्मयामुळे कोणाही विद्यार्थ्याच्या हाती येतात, आणि त्यातील प्रश्न, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात काय शिजते, शिक्षणाचा पैसा कोणाकडून येतो व कोणावर खर्च होतो, हे प्रश्न, एखादा प्रत्यय चुकीचा लागल्याने खोटे ठरत नाहीत हे वाचकास दिसते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता तर ज्यांना चुका म्हटले त्यांपैकी पुष्कळ रूपे बोलीतील नियमित रूपे असतात. त्यांना स्वतःचे व्याकरण असते. प्रमाणभाषा हे लेखनाचे एक उत्तम साधन आहे. ते प्रतिवादाच्या जागी वापरले गेले की लेख त्याच्या पहिल्या वाचकांबरोबरच संपतो. किंबहुना संपला तर बरे, अशी अवस्था होते. विष्णुशास्त्र्यांविषयीचा माझा आदर उणावलेला नाही. बत्तिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, १८८२ च्या मार्चमध्ये, त्यांचे निधन झाले. अधिक आयुष्य मिळते तर जॉन्सनप्रमाणे त्यांनी आपली 'माला' पुन्हा तपासून काय ठेवले असते व काय गाळले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आगरकरांकडे वळले म्हणजे वाक्यरचनेचीच तऱ्हा बदललेली दिसते. 'सुधारक' सुरू झाला त्याच १८८८ साली त्यांचे 'वाक्यमीमांसा' हे वाक्यपृथक्करणावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. वाक्याचे उद्देश्य कोणते, विधेय कोणते, गौण वाक्य कोणत्या शब्दावर अवलंबून आहे, ह्याचा असा काटेकोर विचार करणारा मनुष्य निबंध लिहू लागला म्हणजे त्याच्या 'कारण' आणि 'म्हणून' ह्या शब्दांना खरोखरी काम करावे लागते. आगरकरांची वाक्ये विष्णुशास्त्र्यांच्या वाक्यांइतकीच लांब असू शकतात. परंतु त्यांची लांबी अलंकाराने वाढत नाही, अटींनी वाढते.

'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' हा त्यांचा निबंध ह्या संदर्भात अवश्य वाचावा. शीर्षकावरून ह्याहून अल्पजीवी विषय कल्पिता येणार नाही. जाकीट ह्या शब्दाने तेव्हा कोणते वस्त्र अभिप्रेत होते हेच आता समजावून द्यावे लागते आणि तो वाद कोणत्याही घरात शिल्लक नाही. तरी हा निबंध विद्यार्थ्यांना कधी कंटाळवाणा झालेला मी पाहिला नाही. वस्त्राचा हेतू काय, रूढ आहे एवढ्याने एखादी गोष्ट योग्य ठरते काय, आणि पुरुषांनी आपला पोशाख खुशाल बदलला असता स्त्रियांच्या पोशाखाच्या बदलानेच धर्म का बुडावा, अशा प्रश्नांच्या कक्षेत तो विषय येऊन पडतो. विवक्षित वस्तू हे केवळ निमित्त राहत नाही, हेही सांगितले पाहिजे. आगरकर वस्त्राविषयीच बोलत असतात, वस्त्राच्या आडून काही भव्य सांगण्याचा आव आणीत नाहीत. विषय लहान आहे आणि तर्क पूर्ण आहे, एवढेच. संमतिवयाचे बिल १८९१ साली कायद्यात रूपांतरित झाले व वयाची मर्यादा दहावरून बारा झाली. त्या वादात दोन्ही बाजूंनी लिहिले गेलेले असंख्य लेख जुन्या फायलींत पडून आहेत. त्यांतून आगरकरांचे लेख वेगळे उठून दिसतात ते त्यांची बाजू पुढे मान्य झाली म्हणून, असे कोणी म्हणेल. अंशतः ते खरे आहे. जिंकलेल्या बाजूचे लेखन अधिक छापले जाते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. परंतु जिंकलेल्या बाजूचे दुसरे कितीतरी लेख आपण वाचीत नाही, हेही तितकेच खरे.

हा मुद्दा आपल्याला लेखकाकडून संपादकाकडे नेतो. वर्तमानपत्रातील लेख आपोआप टिकत नाही. कोणीतरी तो वेचून पुस्तकात घालावा लागतो. लोकहितवादींच्या पत्रांचा 'निबंधसंग्रह' झाला, श्री. रा. टिकेकरांसारख्या संपादकांनी पुढे ती स्वतंत्रपणे छापली. आगरकरांचे लेखन म. गं. नातू व दि. य. देशपांडे ह्यांनी 'आगरकर वाङ्मया'च्या तीन खंडांत आणले. ह्या परिश्रमाविना प्रस्तुत लेखकास हा लेख लिहिता आला नसता. तथापि निवडक संग्रहांची एक सवय मला नेहमी सलते. लेख घेताना त्याची तारीख गाळतात. संपादकाचा हेतू चांगला असतो. तारीख काढली म्हणजे लेख 'कालातीत' दिसेल असे त्याला वाटते. परिणाम उलटा होतो. 'सांप्रत' हा शब्द १८४८ चा आहे की १८८८ चा, हे ज्या एका आकड्यावरून कळावयाचे तोच नाहीसा होतो आणि जे बोट दाखविले होते ते आता कोठेच दाखवीत नाही.

दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे आणि तिच्याकडे भाषेच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणी लक्ष देत नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे नियम ठरविले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. नव्या लेखनाच्या दृष्टीने तो निर्णय इष्टच होता. पण त्यानंतर जुने गद्य पुन्हा छापताना बहुतेक ठिकाणी तेही नव्या नियमांत बसविण्यात आले. जुन्या लेखनात 'तें' म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन आणि 'ते' म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन. 'ती' म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन आणि 'तीं' म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन. 'तें कळलें' आणि 'ते कळले' ही तेव्हा डोळ्यांना दोन वेगळी वाक्ये होती. आज ती एक झाली. समकालीन गद्यात ह्याने अडत नाही, कारण आपण वाक्य आखूड ठेवतो आणि नाम पुन्हा लिहितो. परंतु विष्णुशास्त्र्यांच्या वा आगरकरांच्या सात-आठ ओळींच्या वाक्यात तीन नामे मागे पडलेली असतात आणि मग एक सर्वनाम येते. ते कोणाकडे पाहते आहे हे त्या एका टिंबाने सांगितलेले असे. नव्या छपाईत ते टिंब नाही. भाषा अवघड आहे अशी तक्रार विद्यार्थी करतात, तेव्हा कित्येकदा भाषा अवघड नसते. तिची एक खूण आपण पुसलेली असते.

ह्या कारणास्तव जुन्या नियतकालिकांतील लेखांच्या नकला करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी तीन गोष्टींचा आग्रह धरतो: अंकाची तारीख पहिल्या ओळीत लिहावी, अनुस्वार मूळाप्रमाणे ठेवावेत, आणि जो शब्द आज कळत नाही तो मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत पाहिल्यावाचून आधुनिक अर्थाने घेऊ नये. गेल्या वर्षी आमच्या वर्गात एका लांब वाक्यातील 'ते' कोणाचे, ह्यावर दोन तास वाद झाला. अर्ध्या वर्गाच्या मते लेखक शास्त्रीमंडळींविषयी बोलत होता, उरलेल्यांच्या मते शास्त्रीमंडळींच्या अज्ञानाविषयी. आणि ह्या दोहोंमुळे परिच्छेदाचा रोख पार बदलत होता. शेवटी एका विद्यार्थिनीने मूळ अंकाचे छायाचित्र काढून आणले. त्यात 'तें' होते.